कप्तान काय म्हणाला

तांडापेठेतल्या शालिकरामला लोक हसायचे, आणि हसणाऱ्यांचं फार चुकत होतं असं काही म्हणता येणार नाही. साठीला टेकलेला माणूस. उभा जन्म मागावर बसून लुगडी विणण्यात गेलेला. आणि हा बुवा दर रविवारी सकाळी आंघोळ करून, डोक्याला तेल चोपडून, धुतलेलं धोतर नेसून निघायचा कुठे, तर समोरच्या भैय्याजीच्या घरी, टीव्हीवर ‘नीलयान’ पाहायला! देवळात जाताना कोणी एवढं नटत नाही.

“शालिकभाऊ, चंद्रावर चालले का गा?” पानठेल्यावरून हाक यायची.

“चंद्र कवाचा मागं राहून गेला बाबू,” शालिकराम चालता चालता सांगायचा. “आता लय पुढं गेलो आमी.”

‘आमी’ म्हणायचा. जसा काही यान हाच हाकत होता.

‘नीलयान’ म्हणजे दिल्लीहून दाखवायचे ती हिंदी मालिका. पृथ्वीवरून निघालेलं एक निळं यान, त्यात मूठभर माणसं आणि त्यांचा कप्तान देवदत्त. दर रविवारी एका नव्या ग्रहावर उतरायचं, तिथलं संकट निस्तरायचं आणि पुढे निघायचं. यान पुठ्ठ्याचं आहे हे कोणालाही कळत होतं. ग्रहावरचे राक्षस म्हणजे अंगाला रंग फासलेले पहिलवान. पोरंटोरं बघायची आणि मोठी माणसं तेवढ्या वेळात दाढी उरकून घ्यायची. भैय्याजीचा टीव्ही काळापांढरा, त्यामुळे निळं यानही राखाडीच दिसायचं. पण शालिकरामला ते निळंच दिसे. रंगाचं त्याला कोणी शिकवू नये, सगळं आयुष्य सुतात गेलं होतं त्याचं.

त्याला हे वेड लागलं तेही चहापत्तीपायी. भैय्याजीचं किराणा दुकान पुढे आणि घर मागे. एका रविवारी शालिकराम चहापत्ती घ्यायला गेला, तर मधलं दार सताड उघडं. आत पडद्यावर कप्तान देवदत्त यानाच्या दारात उभा होता. बाहेर अंधार, ग्रह अनोळखी. पाऊल टाकण्याआधी तो मागे वळला, आपल्या माणसांकडे एकवार पाहिलं आणि म्हणाला, “अच्छा, आता हूँ।”

शालिकराम पुडी हातात धरून उभाच राहिला. हा माणूस जातोय, आणि म्हणतोय ‘आता हूँ’, म्हणजे येतो! पुढच्या रविवारी तो मुद्दाम गेला. ग्रह दुसरा, राक्षस दुसरा, पण दारातलं वाक्य तेच. तिसऱ्या रविवारीही तेच. मग मात्र त्याने भैय्याजीच्या खोलीतली भिंतीलगतची जागा कायमची धरली.

“वळणाच्या घरचा पोरगा हाय,” त्याने निकाल देऊन टाकला. “एकदा बी जाता हूँ म्हनलं नाही त्यानं.”

“अरे, लिवणाऱ्यानं लिवलं असंन काही बी,” भैय्याजी म्हणाला.

“लिवणाऱ्याले काय समजते! हे मायबापानं लावलेलं वळण हाय.”

आता यात एवढं काय आहे, असं ज्याला वाटेल त्याने शालिकरामच्या घरचं ऐकावं. आपल्याकडे घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, हे काय सांगायला पाहिजे? मिठाची पुडी आणायला निघाला तरी ‘येतो’ म्हणतो, आणि घरातलं कोणीतरी ‘ये’ म्हणतं. शालिकरामच्या घरात हे जरा जास्तच कडक होतं. त्याची आई तर ‘जातो’ म्हणून निघालेल्या माणसाला अंगणातून परत बोलवायची, पाटावर बसवायची, घोटभर पाणी पाजायची आणि मग नीट ‘येतो’ म्हणवून सोडायची. पोस्टमनलासुद्धा एकदा बसवलं होतं म्हणतात.

आणि अशा घरातला एकुलता एक पोरगा ओमप्रकाश, ‘जातो’ म्हणून गेला.

झालं होतं असं. शालिकरामचा माग खड्ड्याचा. म्हणजे जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं आणि वर विणायचं. ओमप्रकाश हाताशी आला तसा बापाने आपल्या खड्ड्याशेजारी दुसरा खड्डा खणला, स्वतःच्या हाताने लिंपला. बापलेक शेजारी शेजारी बसून विणतील, धोट्याची खटखट जोडीने चालेल, असं त्याचं स्वप्न होतं. पोरगा म्हणाला, हातमागात आता जीव राहिला नाही, मी कन्हानच्या कोळशाच्या खाणीत नोकरी धरतो. त्यावरून जे धुमसायला लागलं ते किती दिवस धुमसत राहिलं. शेवटी एका सकाळी ओमप्रकाश ट्रंक उचलून दारात उभा राहिला. मागे त्याची नवी नवरी चंद्रकला, डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी.

“मी जातो,” ओमप्रकाश म्हणाला.

त्याची आई जयवंता मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिच्या हातातलं सूत तुटलं. “येतो म्हन रे बाप्पा,” ती म्हणाली.

“जातो म्हनलं तं जातो.”

शालिकराम ही हकीकत सांगायचा ती इथपर्यंतच. पुढचं सांगत नसे. “जो जातो म्हनून गेला, त्याच्या दारी आपुन काहून जायचं?” एवढं म्हणून तो विषय बदलायचा. आता कन्हान काय कुठे परमुलखात आहे? कामठी ओलांडली, नदीवरचा पूल ओलांडला की कन्हान. दिवसभर बसगाड्या चालूच. पण कप्तान देवदत्ताबरोबर कुठले कुठले ग्रह पालथे घालणाऱ्या या माणसाने तो पूल काही चार वर्षांत ओलांडला नाही. दुसरा खड्डाही त्याने बुजवला नाही. त्यावर फळी टाकली आणि फळीवर सुताची गाठोडी ठेवली. जयवंता नात्यातल्या लग्नाकार्यात पोराला भेटून यायची. आल्यावर काही सांगायला लागली की हा जोरजोराने धोटा मारायचा, ऐकू येऊ नये म्हणून. बाईने तरी कुठवर सांगत राहायचं!

तर असा तो ‘नीलयान’चा शेवटचा भाग आला. शेवटचा म्हणजे त्या पर्वाचा शेवटचा. पुढे कधी दुसरं पर्व निघणार, निघणार की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आठवडाभर शालिकरामच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. मागल्या रविवारी यान एका काळ्या सूर्याच्या ओढीत सापडलं होतं आणि हळूहळू त्याच्याकडे खेचलं जात होतं. “थो सोडवते बरं सारायले,” शालिकराम ज्याला त्याला सांगत होता. “कप्तान हाय थो.” पण रात्री कूस बदलताना जयवंताने विचारलं तेव्हा म्हणाला, “काळजी वाटून राहिली वं.”

रविवारी भैय्याजीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं पुढे, बाया दाराशी, आणि ज्याने चार महिने शालिकरामची टर उडवली तो सगळा पानठेलाही खिडकीला लागून उभा. शालिकराम आपल्या जागी मांडी घालून बसला. शेजारी त्याचा सोबती नत्थू, सायकल-रिक्षावाला. आत स्वयंपाकघरात भैय्याजीची बायको भागीरथा. तिने नुकताच नवा कुकर घेतला होता आणि रविवार असल्यामुळे त्यात मटण लावलं होतं. सावजी मसाल्याचा वास काळ्या सूर्यापर्यंत पोचला असेल.

मालिका सुरू झाली तशी खोली चिडीचूप झाली. यान खेचलं जातंय, दिवे विझताहेत. आता एकच उपाय राहिला, एकट्या माणसाने छोटी नाव घेऊन काळ्या सूर्याच्या तोंडाशी जायचं आणि तिथे स्फोट करायचा. त्या धक्क्याने यान सुटेल. नावेतल्या माणसाचं काय होईल ते कोणी बोललं नाही. यानातले सगळे ‘मी जातो, मी जातो’ करायला लागले. शालिकरामने दर वेळी “श्शू” केलं. शेवटी कप्तान उठला. शिरस्त्राण चढवलं आणि दाराशी गेला.

“आता पाहाय,” शालिकरामने नत्थूच्या गुडघ्यावर हात ठेवला.

कप्तान दारात थांबला आणि मागे वळला. आपल्या माणसांकडे त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. मग त्याचे ओठ उघडले.

आणि भागीरथाच्या कुकरने शिट्टी मारली.

साधीसुधी शिट्टी नव्हे. नवा कुकर होता तो! इतवारी स्टेशनातलं इंजिनसुद्धा एवढं ओरडत नाही. त्या शिट्टीच्या शेपटाला कप्तानाचं “...ता हूँ” एवढं ऐकू आलं, आणि तो दाराबाहेर पडला. नाव सुटली, काळा सूर्य मोठा मोठा होत गेला, पडदा पांढराशुभ्र झाला. यान सुटलं. यानातली माणसं शिरस्त्राणं काढून, माना खाली घालून उभी राहिली. अक्षरं आली, ‘प्रथम पर्व समाप्त’.

पोरं मुसमुसायला लागली. नत्थूनेही खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले. “मेला बिचारा,” तो म्हणाला.

“काय म्हनला थो?” शालिकराम उभा राहिला होता. “जातानी काय म्हनला? आता हूँ म्हनला का जाता हूँ?”

जो तो उठून चपला शोधायला लागला.

“आबे कोनी तं आयकलं असंन!”

“कुकर वाजला ना गा,” भैय्याजी म्हणाला. “अन् काही बी म्हनला असंन, मेला ना थो आता.”

“मेला कसा? मढं दाखवलं का? काय म्हनला त्याच्यावर हाय सारं!” शालिकराम स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. “वैनी, घात केला तुमी. निरा घात केला.”

भागीरथा पळी घेऊन बाहेर आली. “वा भाऊजी, वा! तुमच्या कप्तानासाठी मटन कच्चं ठेवू का मी?”

सगळे हसले. शालिकराम हसला नाही. वाटीभर रस्सा तर घ्या, म्हणून भागीरथाने मागाहून हाका मारल्या, तो वळलाही नाही. घरी जाऊन मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला आणि एक धागा विणला नाही. जयवंताने ताट वाढलं, ते तसंच झाकून ठेवावं लागलं.

त्या दिवसापासून त्याने विचारपूस सुरू केली. ज्याच्या ज्याच्या घरावर अँटेना दिसली, त्याचं त्याचं दार त्याने वाजवलं, मग ते शिपायाचं असो की वकिलाचं. कोणी म्हणे ‘जाता हूँ’, कोणी म्हणे ‘आता हूँ’. कोणाला फक्त स्फोट आठवत होता. पानठेल्यावरच्या एकाने तर शपथेवर सांगितलं की कप्तान ‘खाता हूँ’ म्हणाला, कारण त्यालाही मटणाचा वास गेला होता. पुढचे दोन दिवस शालिकराम पानठेल्यावरून गेला नाही.

धरमपेठेत वामनराव राहत. कापडाचे व्यापारी. शालिकरामची लुगडी वर्षानुवर्षं त्यांच्याच दुकानात जायची. त्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता. रंगीत टीव्हीत आवाजही स्वच्छ येत असेल, असा हिशेब करून शालिकराम तयार लुगडं काखेत मारून थेट त्यांच्या घरी गेला. लुगडं बाजूलाच राहिलं आणि आधी त्याने कप्तानाचं विचारलं.

“अहो, तो ‘अलविदा’ म्हणाला,” वामनराव म्हणाले.

“काही नाही, ‘चलता हूँ’ म्हणाला,” आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला.

“तू पेपर वाचत होतीस तेव्हा.”

“आणि तुम्ही घोरत होता!”

नवराबायकोचं चांगलंच जुंपलं. ते निवल्यावर वामनराव हसत म्हणाले, “शालिकराम, समजा ‘जाता हूँ’ म्हणाला, तर बिघडलं काय? अहो, नट आहे तो. त्या संध्याकाळी घरी जाऊन मस्त जेवला असेल.”

“थो जेवला असंन साहेब. मी नाही जेवलो ना,” शालिकराम म्हणाला. “माणूस येतो म्हनून गेला, तं घरच्यायनं वाट पाहाव. जातो म्हनून गेला, तं पाहू नाही. अन् आयकूच नाही आलं, तं त्यायनं काय कराव? तुमीच सांगा.”

वामनरावांनी चहा मागवला.

संध्याकाळी घरी आला तो हात हलवत. जयवंता चुलीपाशी होती. तिने नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि भाकरी थापता थापता, अगदी सहज, म्हणाली, “ओमप्रकाशनं बी टीवी घेतला म्हनते. दर रविवारी तेच पाह्यते तुमचं निळं यान. चंद्रकला सांगून राहिली होती लग्नात.”

शालिकरामने धोटा उचलला.

“ठेवा तो धोटा!” जयवंता एकदम म्हणाली. तिचा आवाज एवढा चढलेला त्याने कधी ऐकला नव्हता. “चार वर्सं झाले, मी बोलाव अन् तुमी खटखट कराव. साऱ्या दुनियेले इचारलं ना? धरमपेठेत गेले, शिपायाले इचारलं, वकिलाले इचारलं. पोराले इचारा ना जाऊन, का त्याचेच कान खराब हायेत?”

“थो जातो म्हनून गेला,” शालिकराम पुटपुटला.

“अन् तुमी काय म्हनलं?”

त्याने धोट्यातली कांडी काढली आणि पुन्हा बसवली.

“तुमी ‘जा’ म्हनलं. मानबी वर न करता. मी तं होती ना अथीच बसून. त्यानं जातो म्हनलं तं बापानं म्हनाव, अबे बस, पानी पी, नीट बोल. तुमच्या मायनं पोस्टमनले बसवलं होतं, तुमी पोटच्या पोराले नाही बसवलं.” तिने भाकरी तव्यावर टाकली आणि पदराने डोळे पुसले. “थो बी तुमच्यासारखाच. तुमी ये म्हनत नाही, थो येतो म्हनत नाही. अन् मी मधात मरून राहिली.”

भाकरी तव्यावर करपली तरी कोणी उठलं नाही. हीच ती हकीकत होती, जी शालिकराम पुढे सांगत नसे. ‘जा’ म्हटलं होतं त्याने. अगदी साफ म्हटलं होतं, कुठला कुकर वाजला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो बसमध्ये बसला. मांडीवर जयवंताने दिलेली तिखटाची पुरचुंडी होती. जयवंताचं माहेर भिवापूरचं, आणि भिवापुरी मिरचीशिवाय पोराच्या घशाखाली घास उतरत नाही हे तिला ठाऊक होतं. “हे पोचवाले चाललो मी,” शालिकरामने तिला निघताना बजावलं होतं. “अन् कप्तानाचं इचारतो. दुसरं काही नाही. पानी बी पेणार नाही त्याच्या घरचं.” जयवंता ‘बरं’ म्हणाली. कामठी गेली, नदी आली, आणि पुलावर बस चढली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. काळ्या सूर्याकडे निघालेल्या कप्तानानेही असेच डोळे मिटले असतील, असं त्याच्या मनात आलं, आणि स्वतःचंच हसू आलं. कुठे कप्तान आणि कुठे तिखटाची पुरचुंडी!

खाणकामगारांच्या कॉलनीत घर शोधायला वेळ लागला नाही. ओमप्रकाश नुकताच पाळीवरून आला होता. नळाखाली डोकं धरून अंग घासत होता. वर पाहिलं तर फाटकात बाप. पापण्यांना कोळसा तसाच लागलेला, अंगावर पाणी निथळतंय, आणि तो नुसता बघत राहिला. चार वर्षांत खांदे रुंदावले होते पोराचे. कानशिलावर एक पांढरा केसही होता. तो पाहून शालिकरामला कसंतरीच झालं.

“बाबा?” ओमप्रकाश धावतच आला. “आई बरी हाय ना?”

“तिले काय धाड भरली!” शालिकरामने पुरचुंडी पुढे केली. “हे तिखट देल्लं तिनं. अन् मले एक गोष्ट इचाराची हाय. एकच. ते इचारलं का चाललो मी.”

“काय?”

वाटभर घोकलेलं सगळं त्या घडीला पार उडून गेलं. “ते तुमचं... आपलं नीलयान. तू पाह्यते म्हनते. रविवारी कप्तान दारात उभा राह्यला, मांगं पलटला, अन् काय म्हनला? आमच्याकडे भागीरथाचा कुकर वाजला. आता हूँ म्हनला, का जाता हूँ? सारं गाव पालथं घातलं मी, पन कोनाले धड सांगता येऊन नाही राहिलं.”

ओमप्रकाशने बापाकडे पाहिलं. हातातल्या पंच्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. कप्तानासाठी बाप कन्हानपर्यंत येणार नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

“आता हूँ म्हनला, बाबा.”

“पक्कं?”

“पक्कं.”

“तू सोता आयकलं?”

“सोता आयकलं. साफ.” ओमप्रकाश खाली बघत म्हणाला. “आता हूँच म्हनला थो. जाता हूँ म्हनाचंच नव्हतं त्याले.”

शालिकरामच्या छातीवरून दगड उतरला. तो मटकन ओट्यावर बसला. तेवढ्यात आतून चंद्रकला पाण्याचा गडवा घेऊन आली. डोक्यावरचा पदर सावरत ती सासऱ्याच्या पाया पडली, आणि कानावर पडलेल्या शेवटल्या दोन शब्दांवरून बिचारी भोळेपणाने म्हणाली, “रविवारचं का, मामाजी? आमाले तं पाह्यालेच भेटलं नाही. सकाळपासून लाईन गेली होती. सारी कॉलनी हळहळून राहिली होती.”

ओमप्रकाशचे कान लालबुंद झाले. त्याने बायकोकडे असं काही पाहिलं की ती गडवा हातात घेऊन तशीच थिजली. आपण काय बोललो ते काही तिला कळेना.

शालिकराम मात्र पोराकडे बघत होता. म्हणजे ऐकलं नव्हतं तर. टीव्ही बंदच होता. कप्तान काय म्हणाला हे या पोराला त्याच्याएवढंच ठाऊक होतं, म्हणजे काहीच नाही. आणि तरी म्हणाला, जाता हूँ म्हनाचंच नव्हतं त्याले. शालिकरामला सगळं समजलं. त्याच्या डोळ्यांपुढे ओटा, फाटक, पोरगा, सगळं धूसर झालं. चार वर्षं साचलेलं रडू असं ओट्यावर, सुनेदेखत यावं, म्हणून स्वतःचा भारी राग आला त्याला.

“आण वं पोरी, पानी आण,” तो म्हणाला. आणि जे पाणी प्यायचं नाही म्हणून घरी बजावून आला होता, ते गडवाभर, घटाघटा, एका दमात प्यायला.

मग तो जेवला. चंद्रकलाने पाटवडीचा रस्सा केला, भिवापुरी तिखट घालून. जेवणात लाल तर्री असल्यामुळे एक बरं झालं, बापलेकांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं त्याचं कोणाला काही स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही. बोलणं फार झालं नाही. खाणीत खाली किती गरम होतं, ते शालिकरामने विचारलं. लुगडी अजून खपतात का, ते ओमप्रकाशने विचारलं. दुसऱ्या खड्ड्यावर फळी टाकली आहे, एवढं शालिकरामने सांगितलं, आणि बुजवला नाही हेही सांगितलं.

उन्हं कलली तसा तो उठला. चपला घातल्या. चंद्रकला दाराच्या चौकटीशी उभी राहिली. ओमप्रकाश आत सदरा शोधत होता.

“येतो मी,” शालिकराम म्हणाला.

“या, मामाजी,” चंद्रकला म्हणाली.

तो फाटकापर्यंत गेला असेल नसेल, मागून घाईघाईने सदऱ्यात हात घालत ओमप्रकाश बाहेर आला. “थांबा ना बाबा, मी बी येतो. मोटरस्टँडपावत.”

शालिकराम जागच्या जागी थांबला. पाठमोराच.

“काय म्हनलं?”

“कुठं काय?”

“आता काय म्हनलं तू? आयकू नाही आलं. कुकर वाजला.”

ओमप्रकाशने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कॉलनीत सगळीकडे शांत होतं. एक कोंबडी तेवढी उकिरडा उकरत होती. मग त्याच्या लक्षात आलं. बटणं लावता लावता त्याचे हात थांबले.

“येतो म्हनलं, बाबा,” तो म्हणाला. आणि जरा मोठ्याने पुन्हा म्हणाला, “येतो.”

शालिकराम वळला. चार वर्षांपूर्वी त्या दिवशी मागावरून मान वर केली नव्हती, ती आज केली आणि पोराच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“ये,” तो म्हणाला. “ये बाप्पा. बटनं लावून ये.”